भावाला कोलायटिस आहे. गोळी इम्युनिटी दाबते आणि प्रोबायोटिक इम्युनिटी वाढवतं म्हणतात, मग दोन्ही एकत्र कसं चालेल?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा) निघून दीड वर्ष झालं. वय २६. आधी नुसती मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारी गोळी) होती, मधे दोनदा स्टेरॉइडचा कोर्स झाला, आणि आता चार महिन्यांपासून ॲझाथायोप्रिन, म्हणजे इम्युनिटी दाबणारी गोळी, चालू आहे. सध्या बरा आहे तसा, दिवसाला दोनतीनदा जावं लागतं, रक्त नाही. गेल्या आठवड्यात मावशी आली ती प्रोबायोटिकच्या पुड्यांचा अख्खा बॉक्स घेऊन आली, वर मोठ्ठ्या अक्षरात "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेलं. मी मागचं बारीक अक्षर मोबाइलने मोठं करून वाचलं तर "लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम, ५ बिलियन सीएफयू" (सीएफयू म्हणजे जिवंत जंतूंची मोजणी), बस एवढंच.

आता माझा घोळ असा आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की याची इम्युनिटी स्वतःच्याच आतड्यावर उलटलीय, म्हणून ती दाबायची गोळी देतोय. मग इम्युनिटी बूस्ट करणारी पुडी दिली तर ते एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्या हाताने ॲक्सिलरेटर असं नाही का होणार? ओपीडीत विचारलं तर "घ्यायचं असेल तर घ्या, नसेल तर नका घेऊ" एवढंच उत्तर मिळालं, बाहेर रांग होती, पुढे बोलताच आलं नाही. नेटवर अर्धे लोक म्हणतात कोलायटिस मुळापासून जातो आणि अर्धे म्हणतात सगळा धंदा आहे. कोणी नीट समजावून सांगेल का आत नक्की होतं काय?

हसरा_कासव

घ्या हो बिनधास्त, नॅचरल असतं, साइड इफेक्ट काही नसतात. आमच्याकडे सगळेच घेतात.

पेट्रीडिश

वरच्या कमेंटकडे नंतर येते. शाईचा_डाग, मी मायक्रोबायॉलॉजीवाली आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमची शंका अगदी बरोबर आहे, घोळ त्या बॉक्सवरच्या शब्दात आहे. इम्युनिटीला काय एकच बटण असतं का, फिरवलं की कमी आणि फिरवलं की जास्त? तिच्यात मारणारे आहेत, मारणाऱ्यांना आवरणारे आहेत, नुसती पाहणी करून निरोप पोचवणारे आहेत. तुमच्या भावाकडे मारणारे भरपूर आहेत, आवरणाऱ्यांचं कोणी ऐकत नाहीये. तेव्हा प्रोबायोटिकने काही व्हायचंच असेल तर ते "बूस्ट" होऊन उपयोगच नाही, आवरणाऱ्यांचं वजन वाढायला हवं.

आता आत काय असतं बघा. मोठ्या आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो, एकावर एक अशी रास नाही. त्याच्या एका अंगाला आपलं रक्त आणि इम्यून पेशी, दुसऱ्या अंगाला जंतूंची अख्खी वस्ती. मधे चिकट म्युकस, त्याचेही दोन पदर, बाहेरच्या पदरात जंतू राहतात आणि आतल्या पदरात सहसा कोणी शिरत नाही. कोलायटिसमधे हा आतला पदर विरविरीत होतो, जंतू थेट पेशींना येऊन भिडतात आणि पहाऱ्यावरच्या डेंड्रिटिक पेशी ते बघून टी पेशींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे आयएल (इंटरल्यूकिन) नावाची छोटी प्रोटीन. निरोप आयएल-१२, आयएल-२३ असा गेला की आग, टीएनएफ वगैरे सूज भडकवणारी सगळी मंडळी हजर. आयएल-१० चा गेला की "घरचेच आहेत, सोडा". १९९३ मधे आयएल-१० चं जीनच काढून टाकलेले उंदीर तयार केले, त्यांना आपोआप कोलायटिस झाला. पुढे तेच उंदीर पूर्ण जंतूमुक्त पेटीत वाढवले तर झाला नाही! म्हणजे जंतू लागतात आणि आवरणारा नसावा लागतो, दोन्ही जमलं की हा आजार. ही गोष्ट मला अजूनही सगळ्यात भारी वाटते या विषयातली.

प्रोबायोटिक यात दोनतीन जागी हात घालतं. एक म्हणजे भिंत. एमएस्सीला असताना मी काको-२ पेशींवर काम केलंय, मूळच्या कोलन कॅन्सरच्या पेशी पण फिल्टरवर २१ दिवस वाढवल्या की आतड्याच्या अस्तरासारखा सलग थर धरतात. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड बुडवायचे आणि विजेला किती अडथळा होतो ते मोजायचं, पेशी एकमेकींना घट्ट धरून असतील तर आकडा वर. टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा (हाही आग भडकवणारा निरोपच) टाकून रात्रभर ठेवलं की सकाळी आकडा खाली आलेला असायचा, म्हणजे भिंतीला फटी पडल्या. आणि ज्या वेलमधे (डिशमधल्या छोट्या खळग्यात) आदल्या दिवशी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस जीजी वाढवलेलं द्रव टाकलेलं (जंतू गाळून काढलेले, नुसतं पाणीच म्हणा) तिथेही आकडा खाली यायचा पण बराच कमी. हा जंतू पी४० आणि पी७५ नावाची दोन प्रोटीन बाहेर सोडतो, टीएनएफने पेशी मरायला निघतात ते ती थोपवतात. मी तेव्हा डिशकडे बघून जाम खूश झाले होते, गाइड म्हणाल्या, "ही डिश आहे, पेशंट नाही." असो.

दुसरी जागा डेंड्रिटिक पेशी, काही जंतू दिसले की त्या आयएल-१० चा निरोप जास्त धाडतात आणि रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे त्या आवरणाऱ्या, वाढतात. गंमत म्हणजे यासाठी जंतू जिवंत असायलाच हवा असंही नाही, २००४ च्या एका प्रयोगात रेडिएशनने निकामी केलेल्या जंतूंनीही उंदरांचा कोलायटिस कमी झाला, त्यांच्या डीएनएची खूण टीएलआर-९ नावाच्या रिसेप्टरने ओळखली म्हणून.

तिसरं ब्युटिरेट, जंतू आतड्यात बनवतात ते एक फॅटी ॲसिड. मोठ्या आतड्याच्या पेशींचं हे मुख्य इंधन, आणि २०१३ मधे उंदरांत दिसलं की यानेच आतड्यातल्या रेग्युलेटरी टी पेशी वाढतात. पण पुडीतले लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडो ब्युटिरेट बनवतच नाहीत! ते लॅक्टेट आणि ॲसिटेट सोडतात, ते दुसरे जंतू खातात आणि ते ब्युटिरेट बनवतात. म्हणजे हे दुसरे जंतू भावाच्या पोटात उरलेले असले तरच पुढचं गाडं चालणार. त्यातला मोठा कारागीर फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी, २००८ मधे क्रोन्सच्या (कोलायटिसचाच भाऊबंद, आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) पेशंटमधे दिसलं की ज्यांच्यात हा कमी त्यांचा आजार ऑपरेशननंतर जास्त परततो. तो पुडीत का नाही, तर ऑक्सिजन लागला की मरतो, पुडी भरेपर्यंत टिकणार कसा.

तर ब्रेक-ॲक्सिलरेटरचं उत्तर म्हणजे, ॲझाथायोप्रिन टी पेशींची पैदास कमी करते आणि प्रोबायोटिक (लागू पडलंच तर) निरोप बदलायला बघतं. दोन्ही एकाच दिशेला ओढतात, एकमेकांच्या विरुद्ध नाही. पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक.

आणि नुसतं "लॅक्टोबॅसिलस" लिहिणं म्हणजे पत्त्यावर फक्त आडनाव घालून पत्र टाकण्यासारखं आहे. २०२० मधे तर त्या वंशाची इतकी फोड झाली की २३ नवे वंश पडले. पूर्ण नाव आणि पुढे स्ट्रेनचं (एकाच जातीतल्या नेमक्या वाणाचं) अक्षर-आकडा नसेल तर त्या पुडीबद्दल कोणीच काही सांगू शकत नाही, मी पण नाही.

रात्रपाळी

पेट्रीडिश, मस्त लिहिलंय, स्ट्रेनचं वाचून माझी जुनी जखम उघडली.

मी ९ वर्षं जुनी कोलायटिसवाली. चौथ्या वर्षी मला एक अभ्यास सापडला होता, २००४ चा, ३२७ पेशंट, वर्षभर अर्ध्यांना मेसालामाइन आणि अर्ध्यांना ई. कोलाय निस्ले १९१७ नावाचा जंतू. वर्षाच्या शेवटी आजार परतला तो मेसालामाइनवाल्यांत ३३.९ टक्के आणि जंतूवाल्यांत ३६.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. झालं, मी हुशारी केली. रोज चार गोळ्या गिळायचा कंटाळा आलेला, बरं पण वाटत होतं, मी मेसालामाइन बंद करून प्रोबायोटिक कॅप्सूल चालू केल्या आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही.

सव्वा महिना छान गेला. मग एका रात्री तीन वाजता उठले, मग चारला, मग पावणेपाचला, बाथरूमचा दिवा बंद करायचं पण सोडून दिलं. दहाव्या दिवशी रक्त. कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी, जे ९० होतं ते १४०० च्या वर गेलं (५० च्या खाली नॉर्मल धरतात, २५० च्या वर म्हणजे आत आग आहे असं समजतात). मग स्टेरॉइड, सुजलेलं तोंड, रात्रभर जागरण, सगळं पहिल्यापासून. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त विचारलं की कॅप्सूल दाखवा. उलटून बघितली तर त्यात निस्ले नव्हताच, भलतेच दोन जंतू!! मी अभ्यास एका जंतूचा वाचला आणि खाल्ला दुसराच. इतकं वाईट वाटलं ना.

म्हणून सांगते भावाला पुडी द्या नाहीतर देऊ नका पण गोळ्यांना हात लावू देऊ नका, बरं वाटायला लागलं की तोच सगळ्यात धोक्याचा काळ असतो.

(निस्लेची गोष्ट भारी आहे पण. १९१७ साली पहिल्या महायुद्धात आजूबाजूचे सैनिक हगवणीने आडवे झालेले आणि एकाला काहीच झालं नाही, आल्फ्रेड निस्ले या डॉक्टरने त्याच्याच शौचातून हा जंतू काढला.)

शाईचा_डाग

बापरे रात्रपाळी, वाचून अंगावर काटा आला. भावाला लगेच वाचायला दिलं, तो गप्पच बसला, बहुतेक त्याच्याही डोक्यात तेच चाललेलं.

पेट्रीडिश खूप आभार, दोनदा वाचलं तेव्हा कळलं. एक विचारू का, सीएफयूचा आकडा किती महत्त्वाचा? आमच्या पुडीत ५ बिलियन म्हणजे ५०० कोटी. ऐकायला तर प्रचंड वाटतं.

पेट्रीडिश

कोलायटिसवर ज्या मिश्रणाचा बऱ्यापैकी परिणाम दिसला ते आठ स्ट्रेनचं, व्हीएसएल#३ नावाने ओळखलं जायचं. २००९ च्या ट्रायलमधे सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या १४७ पेशंटपैकी ७७ जणांना एका वेळी ३६०० बिलियन, दिवसातून दोनदा, असं १२ आठवडे दिलं. रेमिशन, म्हणजे आजार शांत होणं, ४२.९ टक्क्यांना, नकली पुडीवाल्यांत १५.७ टक्के. आता तुम्हीच हिशोब करा, दिवसाला ७२०० बिलियन, तुमची पुडी ५ ची.

शाईचा_डाग

१४४० पुड्या. रोज. मावशीचा बॉक्स ३० चा आहे 😄

पेट्रीडिश

😄 आणि तेवढ्या दिल्या तरी जंतू वेगळे, त्यामुळे तो हिशोबही लागू नाहीच.

थैलीवाला

माझी केस वेगळी पण लिहितो कारण प्रोबायोटिकचा सगळ्यात चांगला पुरावा आमच्यासारख्यांत आहे. कोलायटिस आटोक्यात येईना म्हणून माझं मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचंच टोक दुमडून आत थैली शिवली, पाऊच म्हणतात. नंतर त्या पाऊचलाच सूज यायला लागली, पाऊचायटिस. अँटिबायोटिक घेतलं की पंधरा दिवसांत साफ, सोडलं की महिन्याभरात परत, असं वर्षभर चाललं.

२००० सालचा एक ट्रायल आहे त्याच आठ स्ट्रेनच्या मिश्रणाचा, ४० पेशंट, सगळ्यांना आधी अँटिबायोटिकने बरं केलं आणि मग ९ महिने २० जणांना मिश्रण, २० जणांना नकली. नकलीवाल्या २० च्या २० जणांना परत झालं, मिश्रणवाल्यांत फक्त ३. पुढे पाऊचच्या बायोप्सी तपासल्या तर आयएल-१० वाढलेलं आणि टीएनएफ उतरलेलं, म्हणजे पेट्रीडिश म्हणतात तो निरोप बदलल्याचं निदान तिथे तरी माणसात दिसलंय. मला स्वतःला फरक पडला, वर्षाला सातआठ वेळा व्हायचं ते एकदोनदा होतं. पण ट्रायल लहान आहे हे पण खरं. आणि त्या फॉर्म्युल्याच्या नावावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, आज त्या नावाच्या डब्यात जुन्या ट्रायलमधलंच मिश्रण असेल असं धरून चालू नका, आतले स्ट्रेन वाचा.

उलट_तपासणी

सगळे फारच गोड बोलताय म्हणून थोडं कडू.

"साइड इफेक्ट काही नसतात" हे हसरा_कासव यांचं वाक्य चूक आहे. सॅकरोमायसिस बोलार्डी ही प्रोबायोटिक म्हणून विकली जाणारी यीस्ट, मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन घातलेल्या पेशंटच्या रक्तात ती सापडलीय, काही दगावलेत. २०१७ मधे युरोपच्या औषध नियामकांनी अतिगंभीर किंवा इम्युनिटी दाबलेल्या पेशंटना ती देऊच नये असं लेबलवर घालायला लावलं. २००८ मधे नेदरलँड्समधे गंभीर पॅन्क्रिआटायटिसच्या (स्वादुपिंडाची सूज) पेशंटना प्रोबायोटिक दिलं तर मृत्यू १६ टक्के, नकलीवाल्यांत ६ टक्के. आजार वेगळा आहे मान्य, पण "नॅचरल" म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांसाठी सांगितलं. भाऊ ॲझाथायोप्रिनवर आहे म्हणजे लगेच काही होईल असं अजिबात नाही, पण उद्या फ्लेअर (आजाराचा भडका) येऊन ॲडमिट झाला, स्टेरॉइड शिरेतून चालू झालं, तर घरची पुडी गुपचूप चालू ठेवू नका एवढंच.

निस्लेचं पण कौतुक चाललंय. त्या जंतूकडे कोलिबॅक्टिन बनवायचे जीन आहेत, ते पेशीच्या डीएनएला इजा करतं. माणसात त्याने काही वाईट झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण कोलायटिसवाल्यांना आधीच कोलन कॅन्सरची जोखीम जास्त, मी असतो तर दोनदा विचार केला असता.

आणि अँटिबायोटिकनंतर "फ्लोरा (आतड्यातले जंतू) भरून यायला" प्रोबायोटिक घेतात ना? २०१८ मधे इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने थेट आतड्यातून नमुने काढून बघितलं, प्रोबायोटिक घेतलेल्यांत स्वतःचे मूळचे जंतू परत यायला उलट उशीर झाला. शिवाय काही लोकांच्या आतड्यात प्रोबायोटिक टिकतच नाही, आत गेलं तसं बाहेर.

अमेरिकेतल्या गॅस्ट्रो डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मधे स्पष्ट लिहिलं की कोलायटिस आणि क्रोन्समधे प्रोबायोटिक ट्रायलच्या बाहेर देऊ नये, फक्त पाऊचायटिसला ते आठ स्ट्रेनवालं चालेल, तेही हातचं राखून.

दोन_वेण्या

क्रोन्सचं कोणी बोलतच नाहीये. मुलीला ११ व्या वर्षी क्रोन्स निघाला. मला पण पहिल्या महिन्यात दहा जणांनी प्रोबायोटिक सांगितलं. मग तिच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की मुलांवरच ट्रायल झालाय, ऱ्हॅमनोसस जीजी दिलं नेहमीच्या औषधांबरोबर, आजार परत यायचा थांबला नाही. मोठ्यांत ऑपरेशननंतर दिलं तिथेही नाही. बोलार्डीचं आधी छोट्या ट्रायलमधे चांगलं दिसलेलं, मग २०१३ मधे १६५ जणांवर केलं तर काही फरक नाही.

मला प्रश्न पडला की कोलायटिसमधे थोडं चालतं मग यात का नाही? त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं, कोलायटिसमधे पेनाने फक्त आतली कड रंगवली आणि क्रोन्समधे भिंत आरपार रंगवली. म्हणाले जंतू पृष्ठभागावर काम करणार, इथे आग खोलवर आहे, आणि बऱ्याच मुलांत एनओडी२ सारख्या जीनमुळे जंतू ओळखायची यंत्रणाच वेगळी वागते, ओळखणाराच बिघडलेला तर चांगला जंतू पाठवून तरी काय. हे एक कारण असू शकतं म्हणाले, हेच आहे असं नाही. तो कागद अजून फाइलमधे आहे.

हसरा_कासव

माझी कमेंट मागे घेतो बुवा. मला वाटलं साधं गॅसेसचं असेल.

शाईचा_डाग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत डॉक्टरांकडे गेलो, यावेळी वहीत तीनच प्रश्न लिहून नेले आणि पुडीपण नेली. त्यांनी मागची बाजू वाचली, म्हणाले स्ट्रेन लिहिलेला नाही, डोस किरकोळ, नुकसान बहुधा नाही पण मी लिहून देणार नाही. मग स्वतःहून म्हणाले की पुढेमागे ते आठ स्ट्रेनवालं करून बघायचंच असेल तर आधी आणि नंतर कॅलप्रोटेक्टिन करू, नुसतं "बरं वाटतंय" वर जायचं नाही, आणि मेसालामाइन, ॲझाथायोप्रिन जशी आहे तशीच राहणार. हे पाचच मिनिटांत झालं, मागच्या वेळी मीच नीट विचारलं नव्हतं बहुतेक.

मावशीला फोन करून सांगितलं. रागावली थोडी, मग म्हणाली की मीच खाते त्या ३० पुड्या.

कॅलप्रोटेक्टिनची डबी आणलीय, उद्या सकाळी द्यायचीय. भाऊ म्हणतोय डबी तू नेऊन दे, मला लाज वाटते.

रात्रपाळी

नऊ वर्षं झाली, मला अजून वाटते. खाकी पाकिटात घालून न्या, आणि आकडा आला की इथे टाका.